कळशी आणि बोंडले

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सावलीतसुद्धा पारा ३४ अंशांवर असताना, मी एका शिडाच्या बोटीच्या पोटात आडवा पडून तिच्या हीटरला डिझेल पोचवणारी नळी बसवत होतो. घामाने डोळे चुरचुरत होते, हातातला पाना निसटत होता आणि वर जेटीवर जाळी दुरुस्त करत बसलेल्या मंडळींची दिवसभराची करमणूक होत होती. पहिल्याच दिवशी त्यांच्यापैकी एकाने वाकून विचारले होते, "काय बसवतंस रे? एसी?" मी "हीटर" म्हटल्यावर क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग दुसऱ्याने अगदी गंभीर चेहऱ्याने सुचवले, "मगे आंबे त्यातच पिकवूक घाल." देवगड तालुक्यात मे महिन्यातल्या कोणत्याही चर्चेत आंबा आल्यावाचून राहत नाही.

बोटीचे मालक व्यापारी जहाजांवरून कप्तान म्हणून निवृत्त झालेले पुण्याचे गृहस्थ. ११ मीटर लांबीची, जुनी पण निगुतीने वापरलेली फायबरची बोट विकत घेऊन त्यांनी ती वाघोटणच्या खाडीत आणून ठेवली होती आणि पावसाळा उलटल्यावर तिला दक्षिणेकडे, केप ऑफ गुड होपच्या दिशेने न्यायची त्यांची तयारी चालली होती. २००९-१० साली दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, तेव्हापासून आपल्या डोक्यात दक्षिण महासागर शिरला आहे, असे ते स्वतःच सांगत. तिकडे चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली गेल्यावर वारा पडत नाही आणि एकदा भिजलेला कपडा पुन्हा वाळत नाही; माणूस थंडीने जेवढा मोडत नाही तेवढा ओलीने मोडतो, हे त्यांचे म्हणणे होते. ज्याने कोकणात चार पावसाळे काढले आहेत त्याला यातला उत्तरार्ध समजावून सांगावा लागत नाही. म्हणून मी हसलो नाही आणि काम घेतले. खरे सांगायचे तर मला ते काम किरकोळ वाटले होते. एक टाकी, एक पंप, एक हीटर आणि त्यांना जोडणारी नळी. ३० वर्षे डिझेल इंजिनांत हात काळे केलेल्या माणसाला यात काय अवघड असायचे?

या ३० वर्षांनीच मला गोत्यात आणले, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. माझे वडील, आबा, लाँचवर ड्रायव्हर होते. आमच्याकडे लाँचचा ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. सुकाणू तांडेलाच्या हाती असते. त्यांच्या मांडीशी बसून मी पहिली विद्या शिकलो ती डिझेलच्या लायनीतून हवा काढण्याची. लायनीत हवा शिरली की इंजिनाचा आवाज आधी वर-खाली होऊ लागतो, मग ते दम लागल्यासारखे करते आणि बसते. अशा वेळी गाळणीच्या माथ्यावरचा स्क्रू अर्धा आटा सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. स्क्रूच्या कडेने आधी फेस येतो, मग फेसातून सुटे सुटे बुडबुडे येतात आणि शेवटी काचेसारखे सलग डिझेल ओघळू लागते. त्या क्षणी स्क्रू आवळायचा. आबा हे अंधारात, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने ओळखत. मोठ्या इंजिनाचा स्वभाव एकूण दिलदार असतो. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला २० लिटरच्या आसपास डिझेल पिते, आणि त्याहून जास्त आलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत परत सोडते. त्या प्रवाहाबरोबर थोडीफार हवाही निघून जाते. नळी जरा मोठी झाली म्हणून त्याचे काही अडत नाही. उलट नळी बारीक असेल तर ते उपाशी राहते. "इंजिनाक कधी हात आखडून देव नये," हे आबांचे वाक्य मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला ऐकवले आहे.

हीटरची जात वेगळी. वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांनी अशी यंत्रे रात्री इंजिन बंद करून केबिनमध्ये झोपणाऱ्या ट्रकचालकांसाठी नावारूपाला आणली आणि तिथून ती बोटींत आली. आत ज्वलनाची लहानशी कोठी असते. सुरू करताना एक ग्लो पिन तापून लाल होते, तिच्यावर डिझेल पोचते, त्याची वाफ होऊन पेट घेते आणि नंतर पिन बंद झाली तरी ज्योत आपली आपण टिकून राहते. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. केबिनमधली हवा केवळ त्या तापलेल्या कोठीच्या बाहेरून वाहत गरम होऊन परत येते. दोन्ही हवा एकमेकींना भेटत नाहीत, आणि भेटल्या तर माणूस झोपेतच जाऊ शकतो, म्हणून धुराच्या नळीचे सांधे आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा या दोन बाबतींत मी कप्तानसाहेबांशी पैशाची घासाघीस होऊ दिली नाही.

आमचा हीटर २ किलोवॉटचा होता. एक लिटर डिझेलमध्ये, विजेच्या मीटरच्या भाषेत बोलायचे तर, साधारण १० युनिट उष्णता असते. त्यामुळे पूर्ण जोरात चालतानाही त्याला तासाला पाव लिटरपेक्षा कमीच डिझेल लागते. हे डिझेल त्याला एक बोटभर लांबीचा विजेचा पंप देतो. तो सलग पंप नव्हे. आतला दट्ट्या प्रत्येक ठोक्याला ठरलेले माप पुढे ढकलतो आणि 'टिक्' असा आवाज करतो. जोर हवा असेल तेव्हा टिकटिक जलद होते, मंद हवा असेल तेव्हा संथ. रात्रीच्या शांततेत ती भिंतीवरच्या पालीसारखी वाटते. हीटरला डिझेल मोजण्याचे दुसरे कोणतेही साधन नसते. ठोके मोजले म्हणजे डिझेल मोजले गेले, या एका विश्वासावर ते सगळे यंत्र चालते, आणि ठोक्यात डिझेलऐवजी हवा निघाली तर त्याला ते कळत नाही.

खोक्यात हीटरसोबत नळीचे एक वेटोळे होते. पांढरट, अर्धपारदर्शक, कडक नायलॉनची ती नळी बाहेरून खराट्याच्या जाड हिराएवढी होती आणि आतून जेमतेम २ मिलीमीटर. मी ती पुतण्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "ह्या खेळण्यातला ठेव बाजूक." मग मी माझ्या कपाटातली तांब्याची नळी काढली, बाहेरून ८ आणि आतून ६ मिलीमीटरची. टाकीला हीटरसाठी स्वतंत्र तोंड करायचे तर टाकी उघडावी लागली असती. तो व्याप टाळण्यासाठी इंजिनाच्या गाळणीच्या पुढे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून तिथूनच हीटरची शाखा काढली. पंप सोयीच्या जागी, एका फळीवर आडवा बसवला. सांधे इतके देखणे झाले होते की मी त्यांचा फोटो काढून आबांना दाखवला. आबांनी चष्मा लावून तो बघितला आणि मान हलवली. सूचनांच्या कागदावर नळीची जाडी, पंपाचा कल, टाकीतली वेगळी नळी, हे सगळे चित्रांसकट छापलेले होते. तो कागद मी वाचला नव्हता असे नाही. मी तो वाचून नवशिक्यांसाठी आहे असे ठरवले होते.

चाचणी घेताना पहिली अडचण अशी आली की हीटर पेटायलाच तयार होईना, कारण केबिनमध्ये आधीच ३४ अंश होते आणि तापमानाच्या बटणावर त्याहून वरचा आकडाच नव्हता. यावर पुतण्याने तोड काढली. तापमान मोजणारा मणी लांब वायरीच्या टोकाला होता. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, जेटीवरच्या लाँचमधून बर्फाच्या भुग्याने भरलेला मासळीचा एक क्रेट मागून आणला आणि मणी त्यात पुरला. हीटरला वाटले, हिमालय आला. दोन मिनिटांत पिन तापली, टिकटिक सुरू झाली, आत भुर्र असा आवाज झाला आणि नळातून अशी गरम हवा आली की आम्ही दोघेही शिडीवरून वर पळालो. ४० मिनिटे तो न अडखळता चालला. मी कप्तानसाहेबांना फोन करून काम झाल्याचे कळवले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, आणि हीटर चालू असताना बॅटऱ्या चार्ज करायला त्यांनी इंजिन सुरू केले. पाचेक मिनिटांत हीटरचा आवाज बदलला, ज्योत विझली आणि बोटीच्या कुशीतून पांढराशुभ्र, डोळे झोंबणारा धूर खाडीवर पसरू लागला. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. यंत्राने आपण होऊन पुन्हा पेटण्याचा प्रयत्न केला, पुन्हा धूर काढला, आणि काही फसलेल्या प्रयत्नांनंतर स्वतःला कुलूप घालून घेतले. जेटीवरून कोणीतरी ओरडले, "आंबे जळाले रे!"

पुढचे तीन दिवस मी ज्या गोष्टी मला येतात त्या केल्या. हवा शिरते आहे हे उघड होते, म्हणून प्रत्येक नट उघडला, तांब्याचे वॉशर बदलले आणि पुन्हा आवळला. गाळणी नवी घातली. विजेचा संशय घेतला, कारण पेटताना पिन १० अँपिअरच्या आसपास वीज ओढते आणि वायर बारीक असेल तर तेवढ्यात व्होल्टेज कोसळते. पण मीटर लावून पाहिले तर व्होल्टेज ठीक होते. कोठी उघडून काजळी खरवडली. दर वेळी हवा काढून सुरू केला की यंत्र कधी अर्धा तास, कधी पाऊण तास चाले, आणि नंतर इंजिन बंद असतानाही आवाज बदलून विझे. मला सर्वांत जास्त चीड याची येत होती की नळी तांब्याची असल्याने आत काय चालले आहे ते दिसत नव्हते.

चौथ्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आबा पडवीत बसले होते आणि आई खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोला गोळा करत होती. आबांनी नेहमीप्रमाणे चौकशी केली. हवा खंयसून येता, सांधो खंयचो सैल, नळी फुंकलंस काय, अशी आमची दोघांची तांत्रिक चर्चा बराच वेळ चालली. दोघांचेही म्हणणे एकच होते, की कुठेतरी गळते आहे. आईने सुपातली सोला डब्यात ओतली आणि मधेच विचारले, "ता पोर पिता केवढा?"

"तासाक पाव लिटरपण नाय," मी म्हणालो.

"आनि त्येका तू कळशी लावलंस? बोंडल्यान पाज मगे." आणि आत जाता जाता म्हणाली, "थोरल्याक नि धाकट्याक एका ताटात बसवलंस तर थोरलो धाकट्याचा खातलोच."

ज्यांच्या घरात बोंडले उरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोंडले म्हणजे तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे चोच असलेले लहानसे भांडे. त्याच्या चोचीतून धार इतकी बारीक पडते की मुलाला ठसका लागत नाही. तेच दूध कळशी तिरकी करून पाजायचे म्हटले तर एक तर काहीच पडत नाही, नाहीतर नाकातोंडात जाते. आबांनी चष्मा काढला. मी वही घेतली आणि जो हिशेब पहिल्या दिवशी करायला हवा होता तो पडवीतल्या दिव्याखाली बसून केला.

२ मिलीमीटरच्या नळीच्या एक मीटर लांबीत ३ मिलीलिटरहून किंचित जास्त डिझेल मावते. ६ मिलीमीटरच्या नळीत तेवढ्याच लांबीत २८ मिलीलिटर. व्यास तिप्पट, पण पोट नऊपट. आता हीटर तासाला २०० मिलीलिटर पितो असे धरले तर मिनिटाला सव्वातीन मिलीलिटरच्या आसपास झाले. बारीक नळीतून एवढे डिझेल जायचे तर त्याला मिनिटाला एक मीटर पळावे लागते. माझ्या तांब्याच्या नळीत ते मिनिटाला १२ सेंटिमीटर सरकते. म्हणजे गोगलगाय. इंजिनाच्या लायनीत २० लिटरचा लोंढा बुडबुड्याला फरफटत नेतो. इथे बुडबुडा नळीच्या वरच्या अंगाला निवांत चिकटून बसतो आणि डिझेल त्याच्या खालून सरपटत निघून जाते. पंप ओढत असतो तेव्हा डिझेलमध्ये विरघळलेली हवाही थोडी थोडी बाहेर पडते, आणि ती त्याच वरच्या वळणात जमा होत राहते. अर्ध्या पाऊण तासाने जमलेला तो फुगा एकदम निसटतो, पंपापर्यंत पोचतो, आणि पंधरा-वीस ठोके नुसती हवा ढकलली जाते. तेवढ्यात ज्योत गेलेली असते. माझा एकही सांधा गळत नव्हता. हवा बाहेरून येत नव्हती. आत असलेली जात नव्हती.

आईचे दुसरे वाक्य त्या टीबद्दल होते. इंजिनाचा पंप ओढू लागला की त्या सामायिक नळीत ताण निर्माण होतो आणि तो हीटरच्या शाखेतले डिझेलही मागे खेचून घेतो. बोटभर पंपाचे दांडगटापुढे काय चालणार? धाकट्याच्या ताटातले संपते आणि रिकाम्या ताटात हवा वाढली जाते. आबा यावर एवढेच म्हणाले, "माका वाटला होता." मी त्यांना फोटोची आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तांब्याची नळी काढून टाकली आणि पुतण्याकडे ते वेटोळे मागितले. त्याने ते न बोलता आणून दिले. टाकी उघडण्याचा जो व्याप मी मोठा समजत होतो तो प्रत्यक्षात तपासणीच्या झाकणाचे आठ बोल्ट काढण्याइतकाच निघाला. झाकण वर्कशॉपमध्ये आणून त्यालाच भोक पाडले, त्यामुळे धातूचा एक कणही टाकीत पडला नाही, आणि त्यातून हीटरसाठी एक स्वतंत्र बारीक नळी टाकीत सोडली. तिचे खालचे टोक इंजिनाच्या नळीपेक्षा ५ सेंटिमीटर वर ठेवले. तळाशी पाणी आणि गाळ असतोच; शिवाय डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढून काळपट साय धरते आणि दमट हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत तिला बहर येतो. पण ५ सेंटिमीटरमागचे खरे कारण वेगळे होते. डिझेल संपत आले तर आधी हीटर उपाशी राहावा, इंजिन नव्हे. थंडीत कुडकुडणारा माणूस बंदरात पोचू शकतो. कप्तानसाहेबांना साऱ्या कामातली हीच एक गोष्ट मनापासून आवडली.

गाळणी आणि पंप टाकीजवळ घेतले, कारण या पंपाला ढकलायला बळ असते, ओढायला फारसे नसते. पंप आता आडवा न ठेवता त्याचे बाहेर सोडणारे तोंड वर करून तिरका बसवला, म्हणजे आलेला बुडबुडा आतच घुटमळत न राहता पुढे निघून जाईल; आणि बुडाला रबर दिले, म्हणजे टिकटिक लाकडातून थेट कप्तानसाहेबांच्या उशीपर्यंत जाणार नाही. पंपापासून हीटरपर्यंत कडक नायलॉनच का, हेही मला तेव्हा उमगले. मऊ रबरी नळी घातली तर प्रत्येक ठोक्याला ती किंचित फुगते आणि ठोक्याचा जोर स्वतःच्या पोटात जिरवते. रबर फक्त सांध्यांना, अंगठ्याएवढे तुकडे. तिथेही नायलॉनची दोन टोके आत एकमेकांना अगदी भिडलेली हवीत, मधे नखाएवढी पोकळी राहिली तर हवेला ते बिऱ्हाड मिळते. पक्कडीने कापले की नळी चेपून टोक लंबगोल होते. म्हणून दाढीच्या नव्या पात्याने, नळी लाकडावर ठेवून, हलकेच फिरवत कापायचे. नळीची चार टोके मी फुकट घालवली, पाचवे सरळ आले.

मग पंपाचे माप घेतले. हीटरकडचे टोक सोडवून ते औषधाच्या ५ मिलीलिटरच्या सिरिंजमध्ये धरले, लायनीतली हवा निघून जाईपर्यंत पंप चालू दिला आणि मग सिरिंज रिकामी करून २०० ठोके मोजले. पंपावर १००० ठोक्यांना २२ मिलीलिटर असे लिहिले होते, म्हणजे २०० ठोक्यांना ४.४ यायला हवे. ठोके मी मोजत होतो आणि पुतण्याही ओठ हलवत मोजत होता. माझे २०० झाले तेव्हा त्याचे १९७ झाले होते, यावर थोडा वाद झाला. सिरिंजमध्ये ४.३ च्या किंचित वर डिझेल होते. वाद तिथेच सोडून दिला.

नळी जोडली, मणी पुन्हा बर्फात घातला आणि बटण दाबले. आत अंधार होता. मी बॅटरी नळीच्या मागे धरली आणि अर्धपारदर्शक नायलॉनमधून डिझेल फिकट मधासारखे दिसू लागले. त्यात एक बुडबुडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा, नळीची पूर्ण रुंदी व्यापून बसलेला. टिक् झाले आणि तो सरकला. थांबला. टिक्, पुन्हा सरकला. एका ठोक्यात ०.०२२ मिलीलिटर, म्हणजे २ मिलीमीटरच्या नळीत ७ मिलीमीटरची चाल. मी पट्टी लावून पाहिली तर खरोखर तेवढीच होती. त्याला वर चिकटायला जागाच नव्हती, कारण त्याच्या खालून डिझेलला सटकायला वाट नव्हती. डिझेल पुढे जायचे तर त्याला घेऊनच जावे लागत होते. अशा रीतीने तो बल्कहेडच्या, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीच्या, भोकातून पलीकडे गेला, हीटरपाशी पोचला, आतल्या आवाजात क्षणभर एक बारीकशी गिरकी ऐकू आली आणि ज्योत पुन्हा सारखी चालू लागली. एक दाणा हवा तिला पचली. त्यानंतर पुतण्या वर गेला आणि त्याने इंजिन सुरू केले. मी पट्टी हातात धरून खाली बसून राहिलो. इंजिन अर्धा तास चालले, हीटर चालला, घामाने माझी वही भिजली, आणि नळीत दुसरा बुडबुडा दिसायला चांगली दहा मिनिटे लागली. तोही ठोक्याठोक्याने निघून गेला.

मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या नौका किनाऱ्यावर आल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कप्तानसाहेबांची बोटही क्रेन लावून वर घेतली. जवळच गिर्ये इथे मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, तिथे हेच काम भरती-ओहोटीकडून करून घेत. भरतीला गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी निघून गेले की ते कोरडे. आमचे क्रेनचे बिल पाहिल्यावर मला ती पद्धत जास्त शहाणपणाची वाटली. बोट लाकडी टेकूंवर उभी केली, नारळीच्या झापांनी शाकारली, आणि किल्ली माझ्याकडे देऊन ते पुण्याला गेले.

असा हीटर महिनोन्‌महिने बंद ठेवणे चांगले नाही आणि मंद आचेवर फार वेळ चालवणे त्याहून वाईट, कारण मंद ज्योतीत काजळी धरते. म्हणून दर शनिवारी त्याला अर्धा तास पूर्ण जोरात चालवायचे ठरले होते. त्यासाठी धुराच्या तोंडासमोरचे झाप हातभर रुंदीत कापून खिडकी केली, नाहीतर त्या तापलेल्या नळीने शाकारणी पेटायला वेळ लागला नसता. आषाढातल्या पहिल्या शनिवारी बोटीचे दार उघडले तेव्हा आत तो ओळखीचा वास होता. गाद्यांवर हिरवट बुरशी आली होती, नकाशांचे कागद फुगले होते, कपाटाची दारे लाकूड फुगून बसली होती. बर्फाची आता गरज नव्हती. मणी नुसता लटकवला, बटण शेवटपर्यंत फिरवले आणि अर्ध्या तासाचे दोन तास केले. बाहेर पाऊस कोसळत होता. ओली हवाच तापवून आत सोडली तरी तापल्यावर ती आणखी पाणी शोषायला मोकळी होते, आणि जळणातून निघणारी वाफ धुराबरोबर बाहेर जात असल्याने आत नवी ओल येत नाही. गॅसची शेगडी पेटवून खोली गरम केली तर नेमके उलटे होते. दोन तासांनी गादीवर हात ठेवला तर ती कोरडी, कुरकुरीत लागत होती. कपाटाचे दार आपण होऊन उघडले.

घरी आल्यावर हे मी आईला सांगितले. तिने लक्ष दिलेले दिसले नाही. पण पुढच्या शनिवारी मी निघालो तेव्हा दारात एक पिशवी ठेवलेली होती आणि तिच्यात आठ दिवस न वाळलेली एक गोधडी होती. "डिझेलचो वास येता नये हां," एवढेच ती आतून म्हणाली. गोधडी मी चार्ट टेबलावर पसरली आणि गरम हवेचे तोंड तिच्याकडे वळवले. खाली टिकटिक चालू होती. संध्याकाळी आईने ती हातात घेतली, नाकाशी नेऊन नीट हुंगली, घडी घालून कपाटात ठेवली, आणि त्यानंतरच्या शनिवारी दारात दोन पिशव्या होत्या.